शाळेचा खर्च कोणाच्या पदरी?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा व्याख्यान देणारे विद्वान असत आणि विद्यार्थी ऐकावयास येत. आज आपण हा क्रम उलटा केला आहे. आपणांपैकी कित्येक जण प्राध्यापक, वकील, डॉक्टर आहेत, आणि बोलावयास उभे आहोत ते आम्ही! आमचे शाळेतील शिक्षण जळगावच्या नगरपालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत झाले. पुढचे सगळे शिक्षण डाळमिलच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि वल्लभदास वालजी वाचनालयाच्या बाकावर झाले. गिरणाकाठच्या अशा माणसाला पांझरेकाठी बोलावून आपण मान दिलात, त्याबद्दल प्रथम आपले आभार मानतो.

विषय आम्हीच निवडावा असे चिटणीसांनी कळविले होते. किमान वेतन, बोनस, कंत्राटी कामगार ह्यांवर बोलावे असे प्रथम मनात आले, कारण तीस वर्षे तेच दळण दळीत आहोत. परंतु १९२५ पासूनचे नव्हे, अगदी परवाचे एक बोलणे मनातून जाईना. २०२५ सालच्या फेब्रुवारीत पारोळ्याहून धुळ्याकडे येताना रस्त्यावरच्या एका गावी शेतमजुरांची सभा होती. सभा संपल्यावर एक बाई थांबली. ती दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी करते आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची सभासद आहे. ती म्हणाली, "सरकारना घर अंडा सरनात का भाऊ?" आम्हाला आधी उमगेना. मग तिने सगळी हकीकत सांगितली.

हकीकत अशी की, २०२३ सालच्या नोव्हेंबरात राज्य सरकारने शाळेतील पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडे देण्याचे ठरविले. जे अंडे खात नाहीत त्यांना केळे. आपल्या केळीच्या मुलखाला तर ही दुहेरी आनंदाची गोष्ट होती. सवा वर्ष झाले नाही, तोच २८ जानेवारी २०२५ रोजी दुसरा निर्णय निघाला. अंड्यासाठी आणि नाचणीसत्त्वात घालावयाच्या साखरेसाठी सरकार वेगळा पैसा देणार नाही. व्यवस्थापन समितीला द्यावयाचे असल्यास तिने लोकसहभागातून रक्कम उभी करावी. आता ह्या समितीत लोक म्हणजे कोण? कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश मुलांचे आईबाप असतात. म्हणजे ज्या बाईच्या मुलाला घरी अंडे मिळत नाही म्हणून ते शाळेत द्यावयाचे, तिनेच चार घरी फिरून त्या अंड्याची वर्गणी मागावयाची.

ह्या कपातीने वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये वाचतात, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले. ५० कोटी हा आकडा आम्हा मजुरांच्या डोक्यावरून जाणारा आहे. म्हणून आम्ही तो आमच्या पद्धतीने मांडून पाहिला. २०२५-२६ सालच्या राज्याच्या अंदाजपत्रकातील खर्च सात लाख कोटींच्या घरात होता. त्याचे प्रमाण काढले, तर लाख रुपयांत सात रुपये येतात. सात रुपये म्हणजे किराणा दुकानातील एका अंड्याची किंमत! लाख रुपये खर्च करणाऱ्या घरात एका अंड्याला जागा झाली नाही, आणि ते अंडे रोजंदारीच्या बाईकडे मागितले गेले. ही एवढीच गोष्ट आज आपल्यापुढे उलगडून दाखवावयाची आहे. शाळेवरचा पैसा कमी होतो, तेव्हा तो खर्च जातो कोठे?

कपात म्हणजे काय, हे आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी घरी पाहिले. आमचे वडील एका कापड गिरणीत साचेवाले होते. एके वर्षी मालकाने खात्यातला तेल घालणारा माणूस कमी केला. हिशेबाच्या वहीत एका माणसाचा पगार वाचला. परंतु साच्याला तेल लागावयाचे राहिले काय? ते काम वडिलांच्या अंगावर पडले. पुढे झाडूवाला कमी झाला, तेव्हा पाळी सुटल्यावर साच्याखालची धूळ वडीलच झाडू लागले. पगार तोच राहिला आणि घरी यावयास उशीर होऊ लागला. मालकाच्या वहीत जी बचत होती, ती आमच्या आईच्या चुलीपाशी जागरण होती. तेव्हापासून आमचा एक हिशेब पक्का आहे. लागणारा खर्च कागदावरून खोडल्याने मिटत नाही. तो वरून खाली सरकतो, आणि ज्याला पुढे ढकलावयास कोणी उरलेले नाही, त्याच्या अंगावर जाऊन थांबतो.

शाळेच्या बाबतीत हा प्रश्न नवा नाही. १८६०-७० च्या दरम्यान मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला, आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवण्यात आला. आपल्या खानदेशच्या कुणब्यानेही तो आणा भरला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी ह्याच पैशावर बोट ठेवले. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले अडाणी राहतात, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. १९११ साली नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. विरोधकांनी जी कारणे दिली, त्यांत पैशाचे कारण होतेच. १९१२ साली ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. परंतु त्याच काळात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली साऱ्या बडोदे संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले होते, आणि शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात तेच केले. कोल्हापूरची तिजोरी कलकत्त्याच्या तिजोरीपेक्षा मोठी होती असे कोणी म्हणणार नाही. खर्चाच्या यादीत शाळा कितव्या ओळीवर लिहावयाची, हे ठरविण्याचा तो प्रश्न होता आणि आजही आहे.

स्वराज्य आल्यावर ही ओळ पुष्कळ वर सरकली, हे कबूल केले पाहिजे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, आणि सातपुड्याच्या पाड्यापर्यंत शाळा पोचली. आमच्यासारखा साचेवाल्याचा पोर सातवी शिकला तो त्याच लाटेत. कोठारी आयोगाने १९६६ सालीच सांगितले होते की, राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा टक्का शिक्षणावर खर्च व्हावा आणि १९८६ पर्यंत हा टप्पा गाठावा. १९८६ साल येऊन गेले. २०२० सालच्या नव्या धोरणातही पुन्हा तोच सहा टक्क्यांचा आकडा लिहावा लागला, यावरून काय ते समजावे. दरम्यान २००२ साली घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. हक्क वर चढत गेला आणि त्यामागचा पैसा मागे रेंगाळत राहिला. कामगार चळवळीत आम्ही ह्याला 'करार झाला, अंमल नाही' असे म्हणतो.

शाळेचा खर्च खाली ढकलण्याच्या काही ठरावीक रीती आहेत, त्या क्रमाने सांगतो.

पहिली रीत शिक्षक स्वस्त करण्याची. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पदविकाधारी मनुष्य तीन वर्षे ३,००० रुपये महिन्यावर शाळा चालवील, असे ठरले. पुढे ती रक्कम वाढली. २०२३ साली प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला १६,००० रुपये झाले. २००१ साली 'कायम विनाअनुदान' हे धोरण आले. म्हणजे शाळेला परवानगी द्यावयाची, मुले शिकवून घ्यावयाची, पण शिक्षकाच्या पगाराची जबाबदारी सरकारने कधीच घ्यावयाची नाही. २००९ साली त्यातला 'कायम' हा शब्द तेवढा काढण्यात आला. पगार मात्र वीस टक्के, चाळीस टक्के असा हप्त्याहप्त्याने झिरपू लागला. दिवसा बीजगणित शिकवून संध्याकाळी दुसऱ्याच्या दुकानात वजन-माप करणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. २०२४ सालच्या सप्टेंबरात, तोही शिक्षकदिनी, निर्णय निघाला की कमी पटाच्या शाळेत दोन शिक्षकांपैकी एक जागा १५,००० रुपयांच्या कंत्राटी माणसाने भरावी. आणि शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बाईचे काय? तिचे मानधन कित्येक वर्षे हजार-दीड हजारावर होते; ते २,५०० रुपयांवर आले ते अगदी अलीकडे. सरकारी पोषण आहाराची चूल पेटते ती तिच्या अर्ध्या फुकट श्रमावर.

दुसरी रीत शाळाच मिटविण्याची. २०१७ सालच्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत मिळवून टाकण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचा हिशेब मागविण्यात आला. अशा शाळा निघाल्या १४,७८३, आणि त्यांतील मुले एक लाख पंच्याऐंशी हजार. ह्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' कराव्यात, असा विचार पुढे आला, आणि नमुना म्हणून पानशेतबरोबर आपल्याच खानदेशातील तोरणमाळचे नाव घेतले गेले. मोठ्या शाळेत ग्रंथालय असते, प्रयोगशाळा असते, विषयाला शिक्षक असतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पहिलीतल्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे कायद्याने सांगितले, ते काही उगाच नव्हे. चोपडा, यावल, शिरपूर ह्या तालुक्यांतील पावरा-भिल्ल पाड्यांवर जाऊन पाहा. कागदावरचा एक किलोमीटर तेथे पावसाळ्यात दोन नाले ओलांडून जावा लागतो. मुलगा कदाचित जाईल. मुलीला मात्र "धाकट्याला सांभाळ" असे सांगण्यात येते, आणि तिचे नाव पटावर तेवढे राहते. पाचवीपासून एस.टी.चा पास मुलींना फुकट आहे. ही चांगली योजना आहे. पण कित्येक गावांत पास आहे आणि शाळेच्या वेळेला बस नाही!

शिवाय पट कमी होतो का, हेही विचारले पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर धुळे, नंदुरबार आणि चाळीसगावच्या भागातून ऊसतोडीची कुटुंबे गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुले बैलगाडीत, ट्रॅक्टरवर आईबापांबरोबर जातात. ज्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालावयास हवे, ती मुले गेली म्हणून शाळेचा पट घटला, आणि पट घटला म्हणून शिक्षक घटला! मजुरी नाही म्हणून घर सुटले, त्याची शिक्षा शाळेला झाली.

तिसरी रीत बारीक खर्च आवळण्याची, आणि ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेत सादिलवार वापरासाठी वर्षाला १०,००० रुपये ठरले आहेत. महिन्याचे ८३३ रुपये झाले. त्यात खडू, वह्या-रजिस्टरे, दुरुस्ती, सफाई, विजेचे बिल, सगळे भागवावयाचे. गळणाऱ्या पत्र्याचा एक पत्रा बदलला, की त्या महिन्याचे पैसे संपले. जेवणाचेही तसेच. २०२५ सालच्या मेपासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे हा दर ठरला. तांदूळ वेगळा मिळतो. परंतु डाळ, तेल, भाजी, मसाला, जळण हे ह्यात बसवावयाचे. आम्ही डाळीच्या गावचे आहोत. डाळीचा भाव आम्हाला कोणी सांगावा लागत नाही.

चौथी रीत सर्वांत गोड आहे, आणि म्हणून तिच्याविषयी जपून बोलावे लागते. ती म्हणजे लोकसहभाग आणि दत्तक शाळा. १८ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या निर्णयाप्रमाणे कंपनीने किंवा दात्याने शाळा दत्तक घ्यावी. आपल्याकडील लहान महापालिका, नगरपालिका आणि खेडी येथे पाच वर्षांसाठी ५० लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी, आणि दात्याची इच्छा असल्यास शाळेला त्याचे नाव. दत्तक कोणाला देतात? ज्याला आईबाप नाहीत, त्याला. पालक जिवंत असताना मूल दत्तक निघाले, की शेजारीपाजारी काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे.

आता आपण धुळेकर म्हणाल, वर्गणीला नावे ठेवणारे तुम्ही कोण? आमच्या जिल्ह्याने वर्गणीनेच शाळा उभ्या केल्या! आपले म्हणणे खरे आहे. परदेशी नोकरीस असलेल्या आपल्याच एका तरुणाने गावोगाव सभा घेतल्या, काही भाग स्वतः घातला, बाकीचा गावकऱ्यांनी घातला, आणि २०१७ च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या अकराशेच्या आसपास असलेल्या साऱ्या शाळांत संगणक आणि पडदे पोचले. साऱ्या महाराष्ट्राने त्याचे कौतुक केले. सभेत म्हाताऱ्या बायांनी पदराची गाठ सोडून पैसे दिले. ही आपली जुनी रीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठमूठ धान्यावर वसतिगृहे चालविली. अमळनेरला साने गुरुजी सहा वर्षे प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांची आई झाले. त्याच अमळनेरात प्रतापशेठजींनी विद्येसाठी हात सैल सोडला. ह्या परंपरेपुढे आम्ही नम्र आहोत.

परंतु भाऊरावांनी आणि गुरुजींनी ते केले, तेव्हा राज्य परक्याचे होते आणि शाळा काढणे हे त्याला बंधनकारक नव्हते. आणि गुरुजींनी देणगीबरोबरच शेतकऱ्याचा आणि गिरणीकामगाराचा हक्कही मागितला, हे विसरू नये. वर्गणी आणि कर ह्यांत फरक आहे. वर्गणी ज्याला द्यावीशी वाटते तो देतो, आणि ज्या गावात देणारा आहे तेथे ती जमते. बागाईत केळीच्या गावात लाख रुपये एका सभेत जमतात. साक्री तालुक्याच्या डोंगरकडेच्या पाड्यावर हजार जमत नाहीत. म्हणजे शाळा वर्गणीवर सोडली, तर जेथे गरज अधिक तेथे शाळा दुबळी, असे उलटे गणित होते. कर मात्र श्रीमंताकडून अधिक, गरिबाकडून कमी घेऊन सर्वांना सारखा वाटता येतो. आणखी एक गोष्ट. वर्गणीने पडदा बसतो, पण दरमहाचे वीजबिल वर्गणीने भरले जात नाही. लग्नात एक दिवस सारे गाव वाढावयास येते. रोजची भाकरी घरधन्यालाच करावी लागते. बिल थकले की वीज जाते, आणि मग तो पडदा भिंतीवर नुसता टांगलेला राहतो. वर्गणीने पक्वान्न व्हावे. रोजची भाकरी करातूनच झाली पाहिजे.

आणि कर आपण देत नाही असे थोडेच आहे? आपणांपैकी प्रत्येक घरमालकाने घरी गेल्यावर घरपट्टीचे बिल काढून पाहावे. त्यात 'शिक्षण कर' अशी एक ओळ आहे. तो १९६२ च्या कायद्याने बसला. केंद्राच्या प्राप्तिकरावर २००४ पासून शिक्षणाचा अधिभार आहे. आणि आगपेटी-साबण घेणारी बाई वस्तूच्या किमतीतून कर भरतेच. म्हणजे पारोळ्याच्या रस्त्यावरच्या त्या बाईने अंड्याचे पैसे एकदा दुकानात दिलेच होते. तिच्याकडे दुसऱ्यांदा मागणी आली.

मग घरे आणि शाळा हे सगळे कसे निभावतात? आम्ही पाहिले ते सांगतो. शिक्षक खिशातून भरतो. खडू, छपाईची शाई, एखाद्या पोराची वही, संगणकात माहिती भरण्यासाठी लागणारे इंटरनेट, हे तो कोणाला न सांगता भरतो, आणि एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसवून शिकवितो. आई जास्तीची मजुरी करते. एक खेप अधिक, एक वाफा अधिक. तेही पुरले नाही, की थोरली मुलगी शाळेतून निघते. तिच्या निघण्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात 'खर्च' म्हणून होत नाही. साऱ्या कपातीची शेवटची पायरी ती आहे, आणि तिच्या खाली ढकलावयास कोणी नाही.

येथे आम्हाला स्वतःविषयी एक कबुली द्यावयाची आहे. ती टाळून खाली बसलो, तर हे व्याख्यान खोटे होईल. दुसऱ्याकडे बोट दाखविणे आम्हा युनियनवाल्यांना सोपे जाते. पण गेल्या तीस वर्षांत आम्ही जी मागणीपत्रे लिहिली, त्यांत बोनस होता, महागाईभत्ता होता, चहाची सुट्टी होती. मजुराच्या मुलाच्या शाळेविषयी एक ओळ नव्हती. आणि आमचा स्वतःचा मुलगा शाळेत जावयाच्या वयाचा झाला, तेव्हा आम्ही काय केले? गल्लीच्या टोकाशी महापालिकेची शाळा होती. आम्ही शिकलो तीच. आम्ही मुलाला रिक्षात बसवून इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत पाठविले. फी भरण्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले. आमच्यासारख्या प्रत्येकाने हेच केले: बँकेच्या कारकुनाने केले, नगरसेवकाने केले, जिल्हा परिषदेच्या शिक्षकानेही केले. प्रत्येकाला आपल्या मुलाचे भले हवे होते, त्यात कोणाची चूक काढावी? परंतु सगळ्यांनी मिळून झाले असे की, ज्यांना अर्ज लिहिता येत होता, ज्यांच्या आवाजाला कचेरीत कोणी मान वर करून पाहिले असते, ते सगळे त्या शाळेतून निघून गेले. मागे उरली ती न बोलणाऱ्यांची मुले. मग पट घटला, आणि पट घटल्याचे कारण दाखवून शिक्षक काढून नेण्यात आला. ती शाळा सरकारने एकट्याने रिकामी केली नाही. तिच्या दारातून बाहेर पडणाऱ्यांत आम्हीही होतो.

ह्यावर उपाय काय? सर्वांनी उद्या मुलांची नावे काढून आणावीत, असे आम्ही म्हणणार नाही. तो उपदेश करण्याचा अधिकार आम्ही गमावला आहे. परंतु आमच्या धंद्यातली एक युक्ती सांगतो. मालकाशी बोलावयास जाताना आम्ही आधी थकबाकीची वही करतो. कोणाचे किती बुडाले, ते नावानिशी लिहितो. बोलण्याने जे होत नाही, ते पुष्कळदा वहीने होते. त्या पारोळा रस्त्यावरच्या गावात आम्ही असेच केले. शंभर पानी वही घेतली आणि तिचे दोन रकाने केले. डाव्या रकान्यात सरकारकडून शाळेला वर्षात काय आले, उजव्या रकान्यात शिक्षकाने आणि घरांनी काय घातले. लिहावयास सातवीच्या मुली बसल्या. गणवेशाची शिलाई, वह्या, अंडी, पाण्याच्या टाकीचा नळ, मास्तरांनी आणलेले खडूचे डबे, पोषण आहार करणाऱ्या बाईने घरून आणलेले जळण, सगळे आले. उजवा रकाना भरत गेला, तसे मायबाप गप्प होत गेले. आपण इतके देतो, हे त्यांना ठाऊकच नव्हते. तोवर त्यांना वाटत होते की सरकार फुकट शिकविते आणि आपण उपकाराखाली आहोत!

ही वही नुसती बघावयाची नाही. २००९ च्या कायद्याच्या २२ व्या कलमात सांगितले आहे की, व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करावा आणि सरकारी अनुदान त्या आराखड्याच्या आधारे ठरावे. हे कलम बहुतेक समित्यांना कोणी वाचून दाखविलेले नाही. आराखडा एका दुपारी घाईने भरला जातो. त्या गावाने उजवा रकाना जसाच्या तसा आराखड्यात उतरविला आणि ग्रामसभेत वाचला. फळ काय मिळाले? पत्रे बदलून मिळाले. दुसरा शिक्षक अजून मिळालेला नाही. अंडे गावकरी अद्याप आपल्याच पैशाने देतात, पण दर आठवड्याला ते वहीत 'सरकारकडून येणे' म्हणून लिहितात. हा विजय मोठा नाही. आम्हीही तसे म्हणत नाही. परंतु ज्याला येणे म्हणून लिहिले, ते विसरले जात नाही.

आणि मागितल्याने काही होत नाही, असेही नव्हे. २०२४ साली खाजगी शाळांतील गरिबांच्या पंचवीस टक्के जागांना कात्री लावणारा नियम झाला. आईबाप उच्च न्यायालयात गेले, आणि १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने तो रद्द केला. त्याच सालच्या २५ सप्टेंबरला कंत्राटी शिक्षकाच्या निर्णयाविरुद्ध राज्यभरच्या शिक्षकांनी सामूहिक रजा काढली, आणि पुढल्या वर्षी तो निर्णय मागे घ्यावा लागला. सरकार हे काही दगड नव्हे. पण ते आवाजाच्या दिशेने वळते, आणि शाळेच्या बाजूने आवाज फार कमी आहे.

म्हणून आपणा शहरवासी श्रोत्यांना एकच विनंती आहे. आपली मुले त्या शाळेत नसतील; ती आमचीही नव्हती. परंतु घरपट्टीच्या बिलातील शिक्षण कराची ती ओळ आपली आहे. तेवढ्या अधिकाराने आपल्या वॉर्डातील महापालिकेच्या शाळेत एकदा जा. मुख्याध्यापकांना विचारा, शिक्षक किती हवेत, किती आहेत, वीज आहे काय, मुलींच्या शौचालयाला पाणी आहे काय. जमल्यास देणगी द्या. आम्ही ती अडविणार नाही. पण देणगी दिल्यावर पावतीमागे लिहून ठेवा की हे करातून व्हावयास हवे होते, आणि ते नगरसेवकाला वाचून दाखवा. वकील असाल तर समितीला २२ वे कलम समजावून सांगा. सेवानिवृत्त कारकून असाल तर त्यांची वही तपासून द्या. ज्यांना अर्ज लिहिता येतो, त्यांनी शाळेच्या दाराशी परत यावे, इतकेच आमचे मागणे आहे.

जाता जाता आपल्या मुलखातील एका बाईचे नाव घेतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. २०१८ साली ते दिले गेले आणि त्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. परंतु त्यांचे शब्द आपल्यापर्यंत आले कसे? शेतात आणि जात्यावर त्या बोलत, ते उतरून घेणारा मुलगा घरात होता म्हणून. सोपानदेव शाळेत गेले होते. एका घरात एक पोर लिहावयास शिकले, आणि साऱ्या मराठीला बहिणाबाई मिळाली. विद्यापीठाच्या फाटकावर त्या बाईचे नाव लिहिणाऱ्या राज्याला, तिच्या शेजारच्या गावातील पोरीच्या पाटीसाठी वर्गणी मागण्याची पाळी येऊ नये.

 एका सातवी शिकलेल्या माणसाचे काही चुकले असेल, तर पदरात घ्यावे, आणि जे पटले असेल ते वहीत लिहावे.